पोकरमधील हूल : फ्लॉपनंतर केव्हा आणि किती

हाती दुबळी पाने असताना बलवान पाने असल्याची बतावणी करून पैज लावणे, यास पोकरमध्ये ब्लफ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘हूल’ हा नेमका शब्द आहे. कबड्डीतील चढाईपटू एका बाजूस झेपावल्याचे भासवून दुसऱ्या बाजूच्या गड्यास स्पर्श करतो, तीच ही क्रिया. फरक इतकाच की कबड्डीत हूल फसली तर गडी बाद होतो, पोकरमध्ये पैसे जातात.

मांडवी नदीतील कॅसिनो जहाजांमुळे पोकर हे नाव गोमंतकीयांच्या परिचयाचे झाले. वर्ल्ड पोकर टूर या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेची भारतातील स्पर्धाही 2017 मध्ये पणजीतील अशाच एका जहाजावर झाली. मात्र या खेळाविषयी एक गैरसमज रूढ आहे. निर्विकार चेहरा आणि धाडस असले की हूल साधते, असे मानले जाते. प्रत्यक्षात ती प्रामुख्याने हिशेबाची बाब आहे. किती रक्कम लावली, समोरचा किती वेळा माघार घेईल आणि त्याने माघार घेतली नाही तर हातात काय उरेल, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे नाहीत त्याचे धाडस केवळ महाग पडते.

डावाची रचना

सर्वाधिक प्रचलित असलेल्या टेक्सस होल्डेम प्रकारात प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकून मिळतात. पैजेची पहिली फेरी झाली की मेजावर तीन पाने उघडली जातात. हा फ्लॉप. त्यानंतर चौथे पान (टर्न) आणि पाचवे पान (रिव्हर) उघडते. प्रत्येक टप्प्यानंतर पैजेची फेरी होते. हातातील दोन आणि मेजावरील पाच अशा सात पानांतून पाच पानांचा सर्वोत्तम संच धरला जातो. मेजाच्या मध्यभागी साचलेल्या रकमेस पॉट म्हणतात. पैज लागल्यावर खेळाडू तेवढीच रक्कम भरून डावात राहू शकतो (कॉल), ती वाढवू शकतो (रेज) किंवा पाने टाकून माघार घेऊ शकतो (फोल्ड). कोणी पैज लावलेली नसेल तर काही न भरता पुढच्यास संधी देता येते (चेक).

दिवाळीत किंवा गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळलेल्यांना हूल नवी नाही. पाने न पाहता ‘ब्लाइंड’ चाली वाढवत नेऊन समोरच्यास ‘पॅक’ करायला लावणे हा तिचाच प्रकार. परंतु तीन पत्तीत सर्व पाने झाकलेली असतात, त्यामुळे अंदाज केवळ चालीवरून बांधावा लागतो. होल्डेममध्ये फ्लॉपनंतर तीन पाने सर्वांसमोर असतात. म्हणून येथे हूल देणाऱ्याची बतावणी त्या उघड्या पानांशी जुळावी लागते.

फ्लॉप हीच संधी का

हातात वेगवेगळ्या किमतीची दोन पाने असतील, तर उरलेल्या 50 पानांतून फ्लॉपची तीन पाने 19,600 प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी 13,244 प्रकारांत हातातील कोणत्याही पानाची जोडी लागत नाही. म्हणजे अशी पाने असलेल्या खेळाडूला तीनपैकी सुमारे दोन वेळा फ्लॉपवर जोडीसुद्धा मिळत नाही. हे गणित दोन्ही बाजूंना सारखेच लागू असते. दोघांनाही काही मिळाले नसेल तर पॉट बहुधा आधी विश्वासार्ह पैज लावणाऱ्याचा होतो. फ्लॉपनंतरच्या हुलीचा पाया हाच.

याच गणितातून पहिली मर्यादा निघते. एका प्रतिस्पर्ध्यास काही न मिळाल्याची शक्यता ढोबळमानाने दोन तृतीयांश असली, तरी तिघांपैकी कोणालाच काही न मिळण्याची शक्यता सुमारे 30 टक्के एवढीच उरते. त्यात कोणाच्या हाती आधीच जोडी असू शकते, हे वेगळेच. म्हणून डावात एकच प्रतिस्पर्धी उरला असताना हूल देणे आणि तिघेचौघे असताना देणे, या पूर्णतः भिन्न गोष्टी आहेत.

किती रक्कम लावावी

हुलीची रक्कम पॉटच्या प्रमाणात मोजतात. पॉटमध्ये 1,000 रुपये असताना 500 रुपयांची हूल दिली, तर 1,000 मिळवण्यासाठी 500 पणाला लागतात. तीन वेळांपैकी एकदा समोरच्याने माघार घेतली आणि दोनदा नाही, तर एकदा 1,000 मिळतात आणि दोनदा 500 जातात. नफा-तोटा शून्य होतो. लावलेल्या रकमेस पॉट आणि ती रक्कम यांच्या बेरजेने भागले की, तोटा न होण्यासाठी किती वेळा माघार मिळाली पाहिजे ते कळते. हाच हिशेब समोरच्याच्या बाजूने मांडला की, रिव्हरवर पैज लावताना त्या पैजांत हुलीचा वाटा किती असावा तेही निघते.

- पॉटच्या एक तृतीयांश पैज : 25 टक्के वेळा माघार मिळावी, चार खऱ्या पैजांमागे एक हूल.
- निम्मी पैज : 33 टक्के, तीन खऱ्या पैजांमागे एक हूल.
- दोन तृतीयांश पैज : 40 टक्के, पाच खऱ्या पैजांमागे दोन हुली.
- पॉटइतकी पैज : 50 टक्के, दोन खऱ्या पैजांमागे एक हूल.
- पॉटच्या दुप्पट पैज : 67 टक्के, तीन खऱ्या पैजांमागे दोन हुली.

यातील दुसऱ्या प्रमाणाचा अर्थ असा. पॉट 1,000 असताना कोणी 1,000 ची पैज लावली, तर समोरच्यास 2,000 मिळवण्यासाठी 1,000 भरावे लागतात. तीनपैकी एकदा तरी तो जिंकत असेल तर भरणे परवडते. पैज लावणाऱ्याच्या तीन पैजांत नेमकी एक हूल असेल, तर समोरच्याने भरले काय आणि माघार घेतली काय, त्याच्या पदरी सारखेच पडते. हुली याहून अधिक झाल्या तर त्याने नेहमी भरावे, कमी असतील तर नेहमी माघार घ्यावी.

मोठी पैज अधिक माघार मिळवते, पण ती अधिक वेळा यशस्वीही व्हावी लागते. म्हणून जेथे छोट्या पैजेने काम होते तेथे मोठी लावणे हा अपव्यय ठरतो. फ्लॉपवर राजा, सत्ती आणि दुर्री अशी तीन निरनिराळ्या रंगांची, परस्परांशी न जुळणारी पाने पडली, तर ज्याला काही मिळाले नाही त्याला पुढे आशाही नसते. तो एक तृतीयांश पैजेलाही पाने टाकतो. याउलट नव्वी, अठ्ठी आणि सत्ती, त्यात दोन पाने एकाच रंगाची, असा फ्लॉप असेल तर बहुतेकांना काही ना काही मिळालेले असते किंवा पुढच्या पानाची आशा असते. तेथे छोटी हूल कोणी मानत नाही आणि मोठीही अनेकदा फसते.

अर्धी हूल

हाती आज काही नाही, पण पुढच्या पानाने संच पुरा होऊ शकतो, अशा स्थितीत लावलेली पैज ही अर्धी हूल होय. अमेरिकन खेळाडू आणि लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी ‘सेमी-ब्लफ’ या नावाने ही संकल्पना रूढ केली. तिचे बळ एका उदाहरणावरून दिसेल.

टर्न उघडले आहे. हातातील दोन आणि मेजावरील दोन अशी चार इस्पिके झाली आहेत. पाचवे आले तर कलर पुरा होईल. न दिसलेल्या 46 पानांत इस्पिके नऊ, म्हणजे शक्यता सुमारे 20 टक्के. पॉट 1,000 आणि पैज 500. निव्वळ हूल असती तर 33 टक्के वेळा माघार आवश्यक होती. येथे मात्र समोरच्याने पैसे भरले तरी पाचपैकी जवळजवळ एकदा 2,000 चा पॉट जिंकता येतो. रिव्हरवर आणखी पैज लागणार नाही असे धरले, तर सुमारे 10 टक्के माघारीतच ही पैज तोट्यातून बाहेर येते. अर्थात पैज न लावताही पुढचे पान फुकट पाहता येत असेल, तर त्या फुकट पानाचेही मोल धरावे लागते. ते धरल्यास ही पैज फायद्याची ठरण्यासाठी सुमारे 27 टक्के माघार लागते. तरीही निव्वळ हुलीपेक्षा ही स्थिती बरीच बरी.

म्हणून फ्लॉपनंतर हूल देण्यासाठी पाने निवडताना ज्यांना पुढे सुधारण्याची वाट आहे ती आधी घ्यावीत. ज्यांना काहीच वाट नाही ती बहुतांशी सोडून द्यावीत. जी पाने थोडीफार बरी आहेत, उदाहरणार्थ मधल्या किमतीची जोडी, त्यांनी हूल देऊ नये. ती फुकटात शेवटापर्यंत गेली तर स्वबळावर जिंकू शकतात. पैज लावल्यावर त्यांच्याहून दुबळी पाने पळतात आणि सबळ तेवढी उरतात.

तीन टप्पे, 27 पैजा

फ्लॉपवर किती हुली असाव्यात, याचे उत्तर रिव्हरपासून मागे मोजत आल्यास सापडते. सोपा नमुना घेऊ. प्रत्येक टप्प्यावर पॉटइतकी पैज लागते, खरी सबळ पाने शेवटपर्यंत सबळच राहतात आणि हुलीची पाने सुधारत नाहीत. रिव्हरवर 12 पैजा लागल्या तर त्यांत आठ खऱ्या आणि चार हुली असाव्यात. त्यासाठी टर्नवर 18 पैजा, त्यांत आठ खऱ्या आणि दहा हुली. आणि फ्लॉपवर 27 पैजा, त्यांत आठ खऱ्या आणि तब्बल 19 हुली.

यातून दोन गोष्टी कळतात. फ्लॉपवर खऱ्या पैजांहून हुली अधिक असू शकतात, कारण समोरच्यास आणखी दोन पैजांची धास्ती असते. मात्र त्या 19 पैकी नऊ हुली टर्नवर सोडून द्यायच्या असतात, आणखी सहा रिव्हरवर. शेवटपर्यंत न्यायच्या त्या चारच. नवखा खेळाडू बहुधा फ्लॉपवर हूल दिल्यामुळे बुडत नाही. एकदा दिली म्हणून ती शेवटपर्यंत रेटल्यामुळे बुडतो. आधी घातलेले पैसे आता पॉटचे झाले, आपले राहिलेले नाहीत, हे मनाला पटवणे या खेळातील सर्वांत अवघड भाग आहे.

प्रत्यक्षातील डाव या नमुन्याइतका स्वच्छ नसतो. पाने सुधारतात, पैजा लहानमोठ्या होतात. दिशा मात्र हीच राहते : सुरुवातीस अधिक, शेवटास कमी.

सुसंगत गोष्ट

हिशेब जुळला तरी बतावणी विश्वसनीय हवी. याचे सर्वपरिचित उदाहरण 2003 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या लास व्हेगासमधील स्पर्धेचे. अंतिम लढत हौशी खेळाडू ख्रिस मनीमेकर आणि कसलेले व्यावसायिक सॅमी फारहा यांच्यात होती. एका डावात मनीमेकर यांच्याकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती, तर फारहा यांच्याकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी होती. फ्लॉपवर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री आणि इस्पिकची छक्की पडली. फारहा यांची नव्वीची जोडी झाली. टर्नवर इस्पिकची अठ्ठी आली. आता मनीमेकर यांना एका इस्पिकने कलर, तर दश्शी किंवा पंजीने सिक्वेन्स मिळणार होता. त्यांनी फारहा यांची पैज वाढवली. ही अर्धी हूल होती. रिव्हरवर बदामची तिर्री आली आणि दोन्ही आशा मावळल्या. मनीमेकर यांनी तरीही सर्व चिप्स पुढे सारल्या. बराच विचार करून फारहा यांनी जिंकणारी जोडी टाकून दिली. पुढे मनीमेकर विजेते ठरले आणि 25 लाख डॉलर्स घेऊन गेले.

ही हूल का चालली? मेजावर तीन इस्पिके होती आणि टर्नवरची वाढवलेली पैज ‘माझा कलर झाला आहे’ असेच सांगत होती. रिव्हरवरची पैज तीच गोष्ट पुढे नेत होती. शिवाय इस्पिकचा राजा मनीमेकर यांच्याच हाती असल्याने समोरच्याकडे तो नाही, हे त्यांना ठाऊक होते. समोरच्याच्या बलवान संचातील एखादे पान आपल्या हाती असणे ही हुलीची उत्तम साथ असते. आणि तिसरे कारण, फारहा पाने टाकू शकणारे खेळाडू होते.

केव्हा देऊ नये

हे तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. ‘शो’ पाहिल्याशिवाय ज्यांना राहवत नाही असे खेळाडू प्रत्येक मेजावर असतात. त्यांच्यासमोर हूल व्यर्थ आहे. तेथे सबळ पाने येईपर्यंत थांबून मोठी पैज लावावी. ज्याच्यापुढे थोड्याच चिप्स उरल्या आहेत, तो बहुधा सर्व पुढे सारतो, माघार घेत नाही. ज्याला नुकतीच आपली हूल पकडता आली, तो पुढच्या वेळीही पकडायला पाहतो. आणि सर्वांत घातक वेळ म्हणजे हरलेले पैसे एका डावात परत मिळवण्याची घाई सुटलेली असते ती. तेव्हा दिलेली हूल हिशेबातून येत नाही, संतापातून येते.

गणितज्ञ आणि यंत्रे

हूल ही लबाडी नसून खेळाचा अटळ भाग आहे, हे गणिताने दाखवले. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्ये खेळांच्या सिद्धान्तावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे 1944 मध्ये अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरच्या सोप्या नमुन्याचे विवेचन केले. हुलीचे दोन हेतू त्यात मांडले आहेत. दुबळ्या पानांवर पॉट मिळवणे हा एक. आपल्याकडे सबळ पाने असताना समोरच्याने संशयाने पैसे भरावेत हा दुसरा. जो कधीच हूल देत नाही, त्याच्या खऱ्या पैजेलाही कोणी पैसे देत नाही.

जानेवारी 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या संगणक प्रणालीने चार व्यावसायिकांना 1,20,000 डावांत हरवले. यंत्राला निर्विकार चेहरा राखावा लागत नाही, समोरच्याचा चेहरा वाचताही येत नाही. तरी ते हूल देत होते, कधी पॉटहून मोठ्या पैजेची. हूल चेहऱ्यावर कमी आणि प्रमाणावर अधिक चालते, याचा हा सबळ पुरावा.

बरोबर हूलही हरते

निम्म्या पॉटची हूल समोरचा निम्म्या वेळा मानतो असे समजू. 1,000 च्या पॉटमागे प्रत्येक हूल सरासरी 250 रुपये मिळवते. हूल उत्तम आहे. तरीही ती दर दोन वेळांतून एकदा फसते, आणि लागोपाठ तीनदा फसण्याची शक्यता आठात एक आहे. ज्याच्या खिशात तेवढ्याच तीन पैजांचे पैसे आहेत, त्याला सरासरी दिसण्यापूर्वीच मेज सोडावे लागते. त्यातच पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळत असले तरी मेज चालवणारा प्रत्येक पॉटमधून आपला वाटा काढतो. तो वाटा पाच टक्के धरला, तर 33 टक्क्यांची अट साडेचौतीसवर जाते. तुल्यबळ खेळाडू रात्रभर खेळले तर पहाटे सर्वांचे मिळून पैसे कमीच झालेले असतात.

कायदा काय सांगतो

गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा 1976 चा आहे. 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना, तर 1996 च्या दुरुस्तीने जहाजांवर मेजावरील खेळांनाही वाट मिळाली. गोमंतकीयांना मात्र 1 फेब्रुवारी 2020 पासून कॅसिनोत खेळण्यास मनाई करण्यात आली. पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर न्यायालयांचे एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 मध्ये कौशल्याचा खेळ म्हणून पोकरला परवान्याची गरज नसल्याचे म्हटले, तर गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्यास जुगार ठरवले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध केले. पैसे न लावता खेळण्यास त्यात आडकाठी नाही.

घरी काडेपेटीतील काड्या किंवा कवड्या चिप्स म्हणून वापरून हा सर्व हिशेब शिकता येतो. फसलेली हूल सोडून देण्याची सवयही तेथेच लागते. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणात जुगाराच्या व्यसनाची नोंद केली आहे. खेळ थांबवणे स्वतःच्या हाती राहिले नसेल, तर केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र समुपदेशन मिळते.